रथसप्तमीपर्यंत चालतं

२७ डिसेंबर १९९६, शुक्रवार

आज जेवताना जाहीर करून टाकलं. निशिगंधाच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने मी करणार. घरी, स्वतःच्या हाताने.

निशिगंधाची आई जेवायला होती, तिच्यासमोरच सांगितलं. सासूबाई दादरहून मागवायचं बोलत होत्या. मी म्हटलं, विकतचं ते विकतचं, त्यात माया कुठे असते. विहीणबाईंना एकदम भरून आलं. म्हणाल्या, आमची पोर चांगल्या घरात पडली. ह्यांचा घास हातातच राहिला. निहारने कोण, तू? असं विचारलं. दहावीचं वर्ष आहे म्हणून त्याला काही बोलले नाही. सासूबाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. आदर असावा.

स्वप्नीलभावजींचं लग्न होऊन महिना झाला. म्हणजे महिनाभर मी थोरली जाऊ आहे. थोरलीची म्हणून काही कर्तव्यं असतात. निशिगंधा दातांच्या कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करते. मागच्या आठवड्यात आली, तेव्हा तिने सासूबाईंची टोचणारी कवळी बारीक कानशीने घासून जागच्या जागी नीट करून दिली. तेव्हापासून सासूबाई चकली खातात आणि प्रत्येक चकलीला निशिगंधाचं नाव घेतात. चांगलं आहे. मी सोळा-सतरा वर्षं त्यांची भाकरी दुधात कुस्करून देते, पण कुस्करण्यात नाव घेण्यासारखं काही नसतं.

२८ डिसेंबर, शनिवार

आजपर्यंतच्या हस्तकलेचा प्रामाणिक आढावा. मॅक्रमेचा झुला अर्धा आहे, कारण त्या रंगाची दोरी यायची बंद झाली. स्वेटरची एक बाही पूर्ण आहे, पण मीरा रोडला स्वेटर लागतो कुणाला. काचेवरचा मोर पाय सोडून झालेला आहे. मोराचे पाय तसेही कुणी बघत नाही.

म्हणजे अपयश असं एकही नाही.

निश्चय: या वेळी मुळापासून. नुसते दागिने नाही, हलवासुद्धा घरी करायचा. हे म्हणाले, हलवा तरी विकत आण. मी म्हटलं, मग माझं त्यात काय राहिलं.

२९ डिसेंबर, रविवार

सासूबाईंनी कृती सांगितली. मंद आचेवर परात, परातीत तीळ, त्यावर चमचाचमचा पाक सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. रोज थोडं थोडं. थंडी असेल तर हळूहळू काटा येतो. मी विचारलं, आणखी काय लागतं? म्हणाल्या, धीर लागतो, तो डब्यात भरून ठेवलेला नसतो.

पंखा बंद. खिडक्या बंद. सुरुचीला पाक ओतायला घेतलं. तिची चौथीची स्कॉलरशिप आहे, पण हाताला वळण लागणं हासुद्धा अभ्यासच. बोटांची टोकं भाजली. सुरुची मधून मधून तीळ मोजायच्या निमित्ताने खात होती.

३१ डिसेंबर, मंगळवार

हलवा तयार. पांढरा शुभ्र, गोल, एकसारखा. काटा मात्र नाही. एकाही दाण्याला नाही.

ह्यांनी तळहातावर घेतला आणि विचारलं, चार-चार गोळ्या दिवसातून तीनदा का? निहार म्हणाला, बाबा, कांदा आणि कॉफी बंद करायला लागेल. दोघे हसत होते. होमिओपॅथीची कुचेष्टा मला आवडत नाही.

माझ्या मते गुळगुळीत हलवा दिसायला जास्त मॉडर्न आहे.

१ जानेवारी १९९७, बुधवार

सासूबाईंनी एक दाणा घेऊन दाताखाली धरला आणि बाजूला काढून ठेवला. त्यापेक्षा बोललेलं बरं.

दुसरा प्रयोग. पाक जास्त आटला. परातीत एकच मोठा हलवा झाला. उलथण्याने निघेना तेव्हा परात भिजत घातली.

दोष कुणाचा हे आता स्पष्ट आहे. काट्याला कोरडी थंडी हवी. आपल्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, साखरेने करायचं काय. शेजारच्या पूर्वीबेन डोकावून गेल्या. त्यांच्या नाकाला वास फार लवकर लागतो. म्हणाल्या, भाभी, ये तो अपने को मार्केट में रेडी मिलता है ना, काय कू हाथ जलाती हो. मी त्यांना परंपरा समजावून सांगितली. हां हां, म्हणाल्या आणि आपल्याकडचं बर्फ आणून दिलं बोटांना लावायला.

४ जानेवारी, शनिवार

भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून तयार हलवा आणला. कलाकार रंग काही स्वतः बनवत नाही.

काटा सुरेख आहे. सुरुचीला बजावलं की याला हात लावायचा नाही. रात्री डबा हलका वाटला.

७ जानेवारी, मंगळवार

दाण्यात सुई घातली की दाणा फुटतो. हळू घातली तरी फुटतो. सुई तापवून घातली की दाणा सुईला चिकटतो आणि मग फुटतो. सासूबाई म्हणाल्या, अगं, ओवतात कुठे, एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत धरायचा असतो. गाठीत धरला. घसरला. हे पेपरच्या आडून म्हणाले, दादरला फोन करू का, अजून घेतात ऑर्डर.

या माणसाने लग्नाआधी माझ्या हातची भरतकाम केलेली उशी बघून होकार दिला होता, असं त्यांची आई सांगते. उशी माझ्या मामेबहिणीची होती. तो विषय वेगळा.

९ जानेवारी, गुरुवार

निशिगंधाचा फोन आला. ती भाईंदरला राहते, संध्याकाळी लॅबमधून सुटल्यावर अर्ध्या तासात येऊ शकते. विचारत होती, वहिनी, काही मदत करू का? मी सरळ सांगितलं की नवरीने आपल्या दागिन्यांना हात लावायचा नसतो. असा नियम आहे. सासूबाई बाजूलाच होत्या, म्हणाल्या, असा कुठे आहे नियम? मी म्हटलं, आमच्याकडे होता.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मापं विचारायची राहिली. हरकत नाही. कमरेचं माप स्वतःवरून घेतलं आणि अंदाजाने थोडं कमी केलं.

१२ जानेवारी, रविवार

निहारची प्रिलिम उद्यापासून. सुरुचीला खोकला, बहुतेक हलव्याचा. पाणी आलं नाही. मी नोकरी करते त्या शाळेच्या ऑफिसातून दहावीच्या फॉर्मांचा गठ्ठा घरी आणलाय, तो तसाच. अशा परिस्थितीत दागिने झाले नाहीत हे कुणीही समजून घेईल.

झालेलं काम: अर्धी बांगडी.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळी विहीणबाईंचा फोन. उत्सुकतेने विचारत होत्या, दागिने कसे झालेत? मी म्हटलं, काम फार बारीक आहे, घाईने करण्यातलं नाही. आणि संक्रांतीचं काय, रथसप्तमीपर्यंत चालतं.  त्या म्हणाल्या, चालतं, चालतं, आमच्याकडेपण चालतं.

खरंच चालतं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करतातच. यंदा रथसप्तमी तेरा फेब्रुवारीला आहे. महिना आहे हातात. इतका वेळ आहे हे आधी कळलं असतं तर मी एवढी घाई केलीच नसती.

दुपारी निशिगंधा तिळगूळ द्यायला आली. साध्या पिवळ्या साडीत. काळी चंद्रकळा सासूबाईंनी कपाटात ठेवली आहे, दागिन्यांसोबत नेसायची म्हणून. पूर्वीबेनने तिला विचारलं, अरे, आज तो तुम्हारा फर्स्ट टाइम है, गहना नहीं पहना? निशिगंधा म्हणाली, मेरे लिये स्पेशल बन रहा है ना, टाइम लगता है.

मला पाणी प्यायला आत जावं लागलं.

१८ जानेवारी, शनिवार

निशिगंधा न सांगता आली. सोबत कसलीशी पिशवी. म्हणाली, वहिनी, नियम नियमाच्या जागी, मी हात लावत नाही, फक्त बघते. बघता बघता तिने पाच-सात दाणे हातात घेतले, उजेडात धरले आणि विचारलं, हे मी लॅबमध्ये घेऊन जाऊ? आमच्याकडे दातांवर काम करायचं बारीक ड्रिल आहे, नवीन टोक लावते, भोकं पाडून आणते.

विचार केला. भोक पाडणं म्हणजे काही दागिना करणं नव्हे. नियम मोडत नाही. डबा दिला. पण दाणे मी निवडून दिले. निवड महत्त्वाची.

२१ जानेवारी, मंगळवार

डबा परत आला. प्रत्येक दाण्याला आरपार भोक, एकही फुटलेला नाही. लंच टायमात केलं म्हणे. लॅबच्या साहेबांनी विचारलं, हा कुठल्या पेशंटचा सेट? निशिगंधा म्हणाली, मोठ्या जाऊबाईंचा.

सासूबाईंनी एक दाणा डोळ्यासमोर धरला आणि भोकातून खिडकीकडे बघितलं. म्हणाल्या, काय नजर आहे पोरीची. मी म्हटलं, दाणे चांगले निवडले की असं होतं. त्या भोकातून माझ्याकडे बघत राहिल्या.

२५ जानेवारी, शनिवार

मी हार ओवायला घेतला. निशिगंधाला बाजूला बसवून शिकवलं. दोरा दुहेरी घ्यायचा, मेण लावायचं, असं मी सांगत होते. मेण तिनेच आणलं होतं, पण लावायचं कसं ते मी सांगितलं. चटकन पकडते. तासाभरात तिचा हार झाला, माझ्या हाराला मध्ये मध्ये सुरुचीच्या वहीवर सही, कुकरची शिट्टी, निहारचा गणिताचा पेपर कठीण गेल्याचा फोन. लक्ष विभागलं जातं. तिला मुलं नाहीत अजून.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी सोसायटीत झेंडा. मग निशिगंधा आणि भावजी जेवायला. जेवणानंतर भावजी आणि हे आडवे झाले, आम्ही दोघी बाल्कनीत ओवत बसलो. तन्मणी, बाजूबंद, कानातली. ती हळू आवाजात बोलत काम करते, हात थांबत नाहीत.

मध्येच तिने विचारलं, वहिनी, तुमचे कसे होते हो दागिने, फोटो आहे का?

मी सांगितलं, नाही. माझ्या पहिल्या संक्रांतीला सुतक होतं. ह्यांचे चुलतकाका आदल्या दिवशी गेले. काळी साडी घडीचीच राहिली, पुढे तिला कसर लागली. मग बोहारणीला दिली.

ती म्हणाली, पण सुतक दहा दिवसांत फिटलं असेल ना. मग रथसप्तमीपर्यंत चाललं असतं की.

चाललं असतं. एवढी वर्षं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुतक होतं म्हणून झालं नाही, एवढंच मी धरून होते. सुतक फिटल्यावर कुणाच्या लक्षात राहिलं नसेल. मोठं घर होतं. माझ्याही लक्षात राहिलं नाही, मी नवीन होते.

काही नाही. सहज लिहून ठेवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

मुकुट, कमरपट्टा आणि बांगड्यांना आतून पुठ्ठा लागतो. माझी कल्पना: भावजींच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. जाड आहेत, बदामी आहेत आणि घरात गठ्ठा पडून आहे. कापायचं काम मी केलं. निशिगंधा म्हणाली, वा, ही आयडिया मला सुचली नसती. सासूबाईंच्या समोर म्हणाली.

कमरपट्टा मात्र तिला दोनदा फिरून वर वीतभर उरला. मी म्हटलं, नंतर अंगाने भरशील, तेव्हा उपयोगी पडेल. तिने तो कापून त्याचे दोन केले. आतल्या बाजूला आपल्या आगमनाची प्रार्थना आहे, ती उलटी आली. पोटाच्या बाजूला असल्याने दिसणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निशिगंधा आता रोज येते. लॅबमधून थेट. मी स्वयंपाकात असते, त्यामुळे देखरेख ओट्यावरून करते. आज तिने जावयाचा हार केला. भावजींनाही हार लागतो हे माझ्या लक्षात होतंच, फक्त सांगायचं राहिलं होतं.

एक बांगडी मात्र पूर्णपणे मी केली आहे. जानेवारीतली ती अर्धी. आज आत पत्रिकेची पट्टी घालून पूर्ण केली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझीच. निशिगंधाने बघितली आणि म्हणाली, वहिनी, शेवटची गाठ एकदा परत मारू का? मी म्हटलं, नको, काही तरी माझ्या हातचं राहू दे.

हे वाक्य लिहिल्यावर विचित्र वाटतंय. बाकीचं सगळंही माझ्याच हातचं आहे. म्हणजे माझ्या देखरेखीखालचं.

९ फेब्रुवारी, रविवार

सेट पूर्ण. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवलाय, मुंग्यांसाठी. विंगमध्ये सगळ्यांना आमंत्रणं. पूर्वीबेन म्हणाल्या, भाभी, हमारी देरानी का भी अगले साल बना दो, आप के हाथ में जादू है. मी हो म्हटलं. सासूबाई मागून म्हणाल्या, जादू आहेच, पण हात कुणाचा ते विचार. पूर्वीबेनला मराठी कळतं, पण त्या हसल्या नाहीत. फक्त माझ्या बोटांकडे बघितलं. बोटं केव्हाच बरी झालीत.

हे आज स्वतःहून म्हणाले, चांगलं झालं गं, मी उगाच दादर दादर करत होतो. मी म्हटलं, मला खात्री होतीच.

होती ना? होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. रथसप्तमी

कार्यक्रम झाला. सगळं क्रमाने लिहिते.

काळी चंद्रकळा, त्यावर पांढरे दागिने. मुकुट, नथ, तन्मणी, बाजूबंद, कमरपट्टा. निशिगंधा अशी दिसत होती की विहीणबाईंनी दारातच डोळे पुसले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, सख्खी बहीण करणार नाही एवढं केलंत. मी काहीतरी म्हटलं. काय ते आठवत नाही. नाही म्हटलं नाही, एवढं आठवतंय.

दिवाणखाना भरला होता. ज्या येतील त्या हार उचलून बघत होत्या. हे कुणी केलं? ते कसं केलं? निशिगंधा प्रत्येकीला सांगत होती, आमच्या वहिनींनी केलं, सगळं घरी. एकीने विचारलं, भोकं कशी पाडली हो? मी म्हटलं, दाणे निवडावे लागतात. तेवढ्यात सुदैवाने सुरुची अत्तरदाणी घेऊन मध्ये आली.

मग निशिगंधा पूर्वीबेनना वाण द्यायला वाकली आणि उजव्या हातातली एक बांगडी सुटली. नुसती तुटली नाही, उसवत गेली. दाणे टपटप खाली पडून सोफ्याखाली, दारापर्यंत, पायपुसण्यावर. हातात उरली ती पुठ्ठ्याची बदामी पट्टी, तिच्यावर भावजींचं अर्धं नाव. 

ती माझी बांगडी होती. जानेवारीतली.

निशिगंधाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हसली आणि म्हणाली, अय्या, ही एवढी एकच मी केली होती हो. बाकीच्या वहिनींच्या, त्या बघा कशा घट्ट आहेत.

सगळ्या हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, शीक गं बाई शीक, अजून दिवस आहेत, अशी थोरली मिळाली आहे. तीही हसत होती. मी हळदीकुंकवाचा करंडा धरून उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण बी विंगमध्ये आणखी एकीकडे बोलावणं होतं, सगळ्या वाणं उचलून एकदम उठल्या, चपलांची गर्दी झाली, विहीणबाईंनाही त्यांनी सोबत नेलं. दोन मिनिटांत घर रिकामं. निशिगंधा साडी बदलायला आत गेली.

सासूबाई तेवढ्या खुर्चीत होत्या. मी खाली बसून दाणे वेचायला लागले. वेचता वेचता म्हटलं, आई, ती बांगडी माझी होती. तेवढीच माझी होती. बाकी सगळं तिने केलंय.

इतके दिवस मी हे वाक्य वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. मोठ्याने म्हणायला बराच जोर लागला.

सासूबाई म्हणाल्या, अगं, अख्ख्या विंगला ठाऊक आहे ते. तुला कधी कळतंय तेवढंच राहिलं होतं. आणि पाय उचलले, खुर्चीखालचे दाणे मला काढता यावेत म्हणून.

आतून निशिगंधाने हाक मारली. कमरपट्ट्याची मागची गाठ तिला पोचत नव्हती. मी म्हटलं, थांब, मी सोडते, एवढं तरी येतं मला.

आलं नाही. गाठ तिनेच मारलेली होती. शेवटी सुरुचीला कात्री आणायला सांगितली.